काळ्या जमिनीची पारख

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस जमिनीची पारख करतां येते, व ती पुस्तकावांचून येते, हें आम्ही जाणतों. तरीहि एक समजूत सर्वत्र इतकी रुजलेली आहे कीं तिचा विचार येथें करणें आम्हांस अवश्य वाटतें. ती अशी कीं, जमीन जितकी काळी तितकी कसदार, आणि जितकी कसदार तितकें तिला पाणी मानवणार. या समजुतीचा पहिला भाग अर्धा खरा आहे. दुसरा भाग मात्र पुष्कळ ठिकाणीं साफ खोटा ठरला असून त्यापायीं चांगल्या जमिनी चोपण होऊन पडल्या आहेत. ज्यांच्या शिवारांत कालव्याचें किंवा नदीवरून उपसलेलें पाणी नव्यानें आलें आहे, त्यांनीं पुढील मजकूर विशेष लक्ष देऊन वाचावा.

प्रथम रंगाविषयीं. काळा रंग कुजलेल्या पालापाचोळ्यामुळें येतो, म्हणून काळी जमीन म्हणजे खताची रासच, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. आमच्या कोरडवाहू काळ्या जमिनींत सेंद्रिय द्रव्य बहुधा शेंकडा १ च्या आसपास, किंबहुना त्याहूनहि कमी असतें. नत्र तर नेहमींच तुटपुंजें. तें थोडेंसें सेंद्रिय द्रव्य अतिशय बारीक चिकणमातीशीं घट्ट जखडलेलें असल्यामुळें सर्व माती काळी दिसते. म्हणजे हा रंग श्रीमंतीची खूण नसून चिकणमातीची खूण आहे, आणि या जमिनीचे गुण व दोष दोन्ही त्या चिकणमातींतच सांठवलेले आहेत.

ही चिकणमाती आली कोठून? दख्खनचें पठार ज्या काळ्या फत्तराचें बनलेलें आहे तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थरांवर थर पसरून झाला. महाबळेश्वराखालीं तोच फत्तर आहे आणि सोलापुराखालींहि तोच आहे. परंतु महाबळेश्वरास वर्षाकांठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथें दगड झिजतांना त्यांतील चुना, मॅग्नेशियम, सोडियम इत्यादि विरघळणारीं द्रव्यें पाण्याबरोबर धुवून गेलीं, व मागें राहिली ती लोह व ॲल्युमिनियम यांनीं भरलेली तांबडी जांभ्याची माती. सोलापुरास सरासरीनें सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस. एवढ्या पावसानें हीं द्रव्यें पुरतीं धुतलीं जात नाहींत. तीं जागींच राहतात, किंवा फार तर चढावरून सखल भागापर्यंत वाहत येऊन तेथें थांबतात. आणि त्यांच्या सान्निध्यांत जी चिकणमाती तयार होते ती पाण्यानें फुगणारी व उन्हानें आक्रसणारी अशा जातीची असते. दगड एकच, पण पावसानें त्याच्या दोन निराळ्या जमिनी केल्या. काळ्या जमिनीच्या तळाशीं चुनखडीचे खडे सांपडतात, तेहि न धुतल्या गेलेल्या चुन्याचेच होत.

फुगण्या-आक्रसण्याचा हा स्वभाव शेतकऱ्यास निराळा सांगावयास नको. उन्हाळ्यांत हाताचा पंजा आंत जाईल अशा भेगा पडतात, व खोल जमिनींत त्या कित्येकदां मीटरभर खालीं जातात. वरची भुसभुशीत माती त्यांत पडते, पावसाळ्यांत सर्व फुगून पुन्हां एक होतें, आणि अशा रीतीनें ही जमीन वर्षानुवर्षें आपल्या आपण ढवळली जाते. जागा मिळत नसतांना फुगलेले थर एकमेकांवर घासतात. मीटरभर खोल खड्डा खणला असतां त्याच्या भिंतींत तिरकीं, पॉलिश केल्यासारखीं चकचकीत ढेंकळें दिसतात तीं या घासण्यामुळेंच. ज्या खड्ड्यांत हीं दिसतील ती जातिवंत भारी काळी जमीन समजावी. मग तिचा रंग थोडा करडा असला तरी हरकत नाहीं.

अशा जमिनीची खरी दौलत म्हणजे ओल. मीटरभर खोल भारी जमीन पिकास घेतां येईल असें सुमारें १५० ते २०० मिलिमीटर पाणी पोटांत धरून ठेवते, आणि वीतभर खोलीची हलकी जमीन त्याचा चौथा हिस्साहि धरीत नाहीं. सोलापूर व त्याच्या आसपासच्या टापूंत सर्वांत भरंवशाचा पाऊस सप्टेंबरांतला. म्हणून खरिपांत भारी जमीन रिकामी ठेवून रब्बीस शाळू घेण्याची जी जुनी वहिवाट, ती आळसाची नसून हिशेबाची होती. ओल्या भारी जमिनींत औत चालत नाहीं, वाळल्यावर ढेंकूळ फुटत नाहीं, व मधला वाफसा चार दिवसांचा. रब्बींत पेरणीपासून तिसऱ्या, पांचव्या व आठव्या आठवड्यास कोळपणी करण्याची जी शिफारस आहे तींतील शेवटची कोळपणी तणासाठीं नसून भेगा बुजविण्यासाठीं आहे. ती चुकवली तर धरलेली ओल भेगांवाटे उडून जाते, आणि ज्वारीच्या मुळ्या तुटतात तें निराळेंच.

आतां ठिकाणाविषयीं. टेकडीच्या माथ्यावरून ओढ्यापर्यंत सरळ चालत गेल्यास अर्ध्या कोसांत जमिनीच्या तीन चार जाती पायांखालून जातात. माथ्यावर मुरमाड माळ. त्याखालीं हातभर खोलीची हलकी जमीन. उतार मंदावतो तेथें मध्यम. व अगदीं तळाशीं, ओढ्याकांठीं, खोल काळी. नागपूरकडे बरडी, खरडी, मोरंड व काळी अशीं जीं नांवें आहेत त्यांतहि हलकी ते भारी हाच क्रम दिसतो. वरची माती पावसानें वाहून खालीं सांचते, हें उघड आहे. पण मातीबरोबर विरघळलेले क्षारहि खालींच येतात, ही गोष्ट डोळ्यांस दिसत नसल्यामुळें विसरली जाते. विदर्भांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यांत कालव्याचें पाणी नसतांहि खोल काळ्या जमिनींत सोडियम सांचून खारपाणपट्टा झाला, तो या कारणानें; तेथें विहिरीचें पाणीहि खारेंच लागतें.

ठिकाणाचा हा विचार सरकारी प्रतबंदींतहि होता. १८४७ सालीं गोल्डस्मिड, विंगेट प्रभृति अधिकाऱ्यांनीं मुंबई इलाख्याच्या मोजणीचे जे नियम ठरविले, त्यांत पावणेदोन हात, म्हणजे सुमारें ८० सेंटिमीटर खोलीची निर्दोष काळी जमीन सोळा आण्यांची धरली होती. खोली कमी होईल तसे आणे कमी. शिवाय चुनखड, उतार, वाळूची भेसळ, पाणी न मुरणें, वाहत्या पाण्याखालीं येणें, उपळट असणें, अशा प्रत्येक दोषामागें प्रत एक पायरी उतरे. पद्धत सारा वसुलीसाठीं होती, तरी तींत शहाणपण होतें, असें आमचें मत आहे. केवळ रंग पाहून आणे ठरत नसत. मात्र ती प्रत जिराइतासाठीं होती. बारमाही पाणी आलें कीं सोळा आण्यांची जमीन सोळा आण्यांची राहीलच असें नाहीं.

याचा दाखला नीरेच्या खोऱ्यांत मिळाला. १८८० नंतरच्या दशकांत तेथें डावा कालवा सुरू झाला, आणि हॅरॉल्ड मॅन व ताम्हणे यांस १९१० सालीं नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध करावी लागली. कारण समजण्यास कठीण नाहीं. कोरडवाहू शेतींत पावसाची ओल एका ठराविक खोलीपर्यंत जाते व पीक ती पिऊन टाकतें, त्यामुळें खालचे क्षार खालींच झोपलेले असतात. उंसास सतत पाणी मिळालें म्हणजे भूजल वर चढतें, पाण्याबरोबर क्षार वर येतात, पाणी उन्हानें उडतें आणि क्षार राहतात. सोडियम चिकणमातीस चिकटला कीं मातीचे कण विखुरतात, सूक्ष्म छिद्रें बुजतात, व मग वरून कितीहि पाणी द्या, तें मुरत नाहीं. सामू ८·५ च्या वर व चिकटलेला सोडियम शेंकडा १५ च्या वर गेला म्हणजे जमीन चोपण झाली असें शास्त्र म्हणतें. फुगणाऱ्या काळ्या जमिनींत पाण्याची वाट त्याच्या पुष्कळ आधींच अडूं लागते. कृष्णाकांठीं शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत असें झालेलें क्षेत्र आज ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं अवश्य पाहावें.

यांत एक अन्यायहि आहे. जास्त पाणी देणारा वरच्या अंगास असतो. त्याच्या मध्यम जमिनीखालीं मुरूम आहे, त्यांतून पाणी निघून जातें, व त्याचा ऊंस उत्तम येतो. तें पाणी उपळतें तें खालच्या शेजाऱ्याच्या सोळा आणे काळींत. खालच्यानें स्वतः हात आंखडून पाणी दिलें तरी तो सुटत नाहीं. म्हणून निचऱ्याचे चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र नळ हें काम एकट्यादुकट्याचें नव्हे. ओढ्यापर्यंतच्या सर्व खातेदारांनीं मिळूनच तें केलें पाहिजे. निचरा नसतां नुसतें जिप्सम टाकणें म्हणजे पैसा चिखलांत घालणें होय. निचरा झाल्यावर जिप्सम, त्यामागून ताग-ढैंच्याचें हिरवळीचें खत, हा क्रम बरोबर.

बागाइताचा बेत करण्यापूर्वीं एप्रिल-मे महिन्यांत, भेगा उघड्या असतांना, शेताच्या वरच्या, मधल्या व खालच्या अंगास दीड मीटर खोलीचे तीन खड्डे घ्यावे. काळी माती कोठवर आहे, तिच्याखालीं मुरूम लागतो कीं घट्ट पिवळसर चिकण, चुनखडीचे खडे किती, चकचकीत ढेंकळें किती खोलीवर, हें लिहून ठेवावें. परीक्षेस माती पाठवितांना वरच्या वीतभर थराचीच न पाठवितां प्रत्येक तीस सेंटिमीटरांची निराळी पिशवी करावी, कारण क्षार असतात ते खालीं. मग खड्ड्यांत घागरभर पाणी ओतून तें किती वेळांत जिरतें तें पाहावें. मुरमावर बसलेली ६० ते ९० सेंटिमीटर खोलीची मध्यम जमीन उंसास दिल्यास भय थोडें. खालच्या खड्ड्यांतील पाणी दुसऱ्या दिवशींहि तसेंच उभें राहिलें, तर त्या तुकड्यांत शाळू, हरभरा, करडईच चालूं द्यावी, व कालव्याचें पाणी दिलेंच तर एखाद-दुसऱ्या पाळीपुरतें. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरांत तेथल्या विहिरींतील पाण्याची पातळी दोरीनें मोजावी. ती जमिनीपासून दीड मीटरांच्या आंत आली असेल, तर निचऱ्याची सोय होईपर्यंत त्या शिवारांत उंसाची नवी लागण करूं नये.