बायबलमधील व्याज आणि शब्दार्थाचा आग्रह

दावीद राजाने वेदी बांधण्यासाठी एक खळे विकत घेतले, ही कथा बायबलच्या जुन्या करारात दोन ठिकाणी आली आहे. 'शमुवेल'च्या दुसऱ्या पुस्तकाप्रमाणे त्याने खळे आणि बैल यांसाठी रुप्याचे ५० शेकेल मोजले. 'इतिहास'च्या पहिल्या पुस्तकाप्रमाणे त्या जागेसाठी सोन्याचे ६०० शेकेल दिले. विकणारा तोच, घेणारा तोच, प्रसंगही तोच. किंमत मात्र दोन. श्रद्धावान भाष्यकार म्हणतात, पहिली रक्कम नुसत्या खळ्याची आणि बैलांची, दुसरी भोवतालच्या सर्व जमिनीची. टीकाकार म्हणतात, ही निव्वळ सारवासारव आहे. एकाच व्यवहाराच्या दोन खतांत दोन किमती निघाल्या तर शहाणा माणूस दोन्ही खतांविषयी साशंक होतो.

अशा स्थळांची यादी वाटेल तितकी लांबवता येईल. येशूचा पिता मानला गेलेला योसेफ हा मत्तयाच्या वंशावळीत याकोबाचा पुत्र आहे, तर लूकच्या वंशावळीत एलीचा. यहूदा इस्कर्योत मत्तयाच्या शुभवर्तमानात गळफास घेतो, तर 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात तो विकत घेतलेल्या शेतात पालथा पडून मरतो. शलमोनाच्या मंदिरातील गोल पात्राचा व्यास १० हात आणि घेर ३० हात सांगितला आहे. शब्दशः घ्यायचे तर भूमितीलाच बाध येतो.

या विसंगती आधुनिक चिकित्सकांनी प्रथम शोधून काढल्या असा एक समज आहे. तो खरा नव्हे. दुसऱ्या शतकात ताशियन नावाच्या विद्वानाने चारही शुभवर्तमाने एकत्र गुंफून एकच सलग वृत्तांत तयार केला आणि सिरियाकडील चर्चमध्ये तो दीर्घकाळ वाचलाही जात होता. अखेर ख्रिस्ती परंपरेने चार वेगवेगळे वृत्तांतच त्यांच्या मतभेदांसह कायम ठेवले. 'नीतिसूत्रे' या ग्रंथाच्या २६व्या अध्यायात तर मूर्खाला त्याच्या मूर्खपणास अनुसरून उत्तर देऊ नये, असे एक वचन सांगते आणि लगतचेच दुसरे वचन नेमके तसे उत्तर द्यावे म्हणून सांगते. संकलन करणाराला लागोपाठच्या दोन ओळी वाचता येत नव्हत्या, असे कोण म्हणेल? त्याने ती दोन वचने शेजारी ठेवली, कारण प्रसंग ओळखण्याचे काम त्याने वाचणाऱ्यावर सोपविले होते.

तथापि वाद चालू राहिला. १९२५ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यात डेटन या गावी, उत्क्रांतिवाद शिकविल्याबद्दल एका शिक्षकावर खटला झाला, तेव्हा बचावाचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी विरुद्ध पक्षाचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनाच बायबलचे जाणकार म्हणून साक्षीला बोलावले. प्रश्नांच्या भडिमाराखाली ब्रायन यांनी कबूल केले, की सृष्टीच्या निर्मितीचे सहा दिवस २४ तासांचेच असले पाहिजेत असे नाही. १९७८ साली शिकागो येथे इव्हँजेलिकल विद्वानांनी बायबलच्या संपूर्ण निर्दोषतेचा जाहीरनामा काढला. परंतु त्यातही ठोकळ आकडे, अतिशयोक्ती आणि लेखनप्रकारांचे भेद यांना वाव ठेवणे त्यांना भाग पडले. अर्थ लावल्यावाचून वाचन होत नाही, हे शब्दार्थाचा कट्टर पुरस्कर्ताही व्यवहारात मान्य करतो.

खळ्याची किंमत ५० की ६००, याने आज कोणाच्या ताटातली भाकरी कमी-जास्त होत नाही. पण काही विसंगती वृत्तांतातल्या नसून आज्ञांतल्या आहेत, आणि त्यांचा अर्थ लावताना माणसांची घरेदारे पणाला लागली आहेत. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला त्यांपैकी एक विशेष जवळची वाटते. ती म्हणजे व्याजाची.

'निर्गम' ग्रंथाची आज्ञा अशी, की आपल्या लोकांतील गरिबाला पैसे उसने दिले तर त्याच्यावर व्याज लादू नये. 'लेवीय' ग्रंथ त्यात भर घालतो, की दैन्यावस्थेत आलेल्या भाऊबंदाला धान्यही वाढीदिढीने देऊ नये. 'अनुवाद' या ग्रंथाचा २३वा अध्याय मात्र भाऊबंदाकडून व्याज घेण्याची मनाई करतो आणि त्याच श्वासात परक्याकडून घेण्याची मुभा देतो. नव्या करारात लूकच्या ६व्या अध्यायात येशू परतफेडीची आशा न ठेवता उसने द्यायला सांगतो. आणि त्याच लूकच्या १९व्या अध्यायातील दृष्टान्तात धनी आपल्या चाकराला खडसावतो, की माझा पैसा पेढीवर ठेवला असतास तर मला तो व्याजासह मिळाला असता! मनाई, सवलत, त्याहून कडक उपदेश आणि वर पेढीची शिफारस, अशी चार वचने एकाच ग्रंथात नांदत आहेत.

व्याजाला हिब्रू भाषेत 'नेशेख' असा शब्द आहे. त्याच्या धातूचा अर्थ चावणे. आपल्या 'व्याज' या शब्दाचाही संस्कृतातील अर्थ कपट किंवा बहाणा असा आहे. 'निर्व्याज प्रेम' म्हणताना आपण तोच अर्थ वापरतो. दोन दूरदूरच्या भाषांनी या व्यवहाराला दिलेली नावे पाहिली, की ती ऋणकोच्या अनुभवातून आली असावीत, असे वाटल्यावाचून राहत नाही. त्या काळचे कर्ज धंदा वाढविण्यासाठी क्वचितच काढले जाई. ते दुष्काळात पोट भरण्यासाठी किंवा सारा भरण्यासाठी काढले जाई. 'नहेम्या' ग्रंथाच्या ५व्या अध्यायात यरुशलेमचे लोक आक्रोश करतात, की धान्यासाठी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण पडली, राजाच्या करासाठी कर्ज काढावे लागले आणि आता पोटची मुले दास्यात जात आहेत. मनाईच्या मुळाशी हे दृश्य आहे.

पुढे ख्रिस्ती चर्चने या मनाईचा शब्द उचलला आणि तो उत्तरोत्तर कडक केला. ३२५च्या निकीया येथील परिषदेने धर्मगुरूंना व्याज घेण्यास बंदी केली. ११७९च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड व्याजखोरांना ख्रिस्ती दफनही नाकारले. १३११-१२च्या व्हिएन येथील परिषदेने तर व्याज घेणे पाप नाही असे हट्टाने म्हणणारा पाखंडी ठरविला. परंतु याच शतकांत इटलीची शहरे व्यापाराने भरभराटीला येत होती, आणि व्यापाराला भांडवल लागतेच. मग हुंडीच्या वटावात आणि मुदतीच्या खरेदीविक्रीत व्याज वेषांतर करून वावरू लागले.

'परक्या'ला दिलेल्या सवलतीचे काय झाले, ते याहून दारुण आहे. चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज यांनी तिचा अर्थ असा लावला होता, की ज्याच्याशी न्याय्य युद्ध करता येते त्याच्याकडून व्याजही घेता येते. म्हणजे त्या वचनातील परका हा शत्रू होय. मध्ययुगीन युरोपात ज्यू आणि ख्रिस्ती एकमेकांचे परकेच होते. जमीन आणि कारागिरांचे संघ ज्यूंना बहुतेक ठिकाणी बंद असल्याने सावकारी हा त्यांच्यापुढे उरलेल्या थोड्या मार्गांपैकी एक ठरला. राजे त्यांच्याकडून कर उकळत आणि प्रजा त्यांचा द्वेष करी. ११९० साली इंग्लंडमधील यॉर्क येथे किल्ल्यात आश्रय घेतलेल्या ज्यूंचा अंत झाला आणि त्यानंतर दंगेखोरांनी मोठ्या चर्चमध्ये ठेवलेले कर्जरोखे जाळले. १८७५ साली पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. तेथे रोख प्रामुख्याने खतांवर होता. यॉर्कमध्ये खतांआधी माणसे गेली. एका वचनातील एका शब्दाचा अर्थ असा रक्ताने लिहिला गेला.

शब्द पाळण्याचा आग्रह धरला म्हणून उद्देश साधतोच असे नाही, याचा कबुलीजबाब इंग्लंडच्या कायद्यांतच सापडतो. १५४५ साली तेथे शेकडा १० पर्यंतच्या व्याजाला मुभा मिळाली. १५५२ साली ईश्वरी वचनाचा आधार देऊन सर्वच व्याज पुन्हा निषिद्ध झाले. १५७१च्या कायद्याने ती मनाई उठविली; आणि मनाईने अपेक्षित हित साधले नाही, उलट मालाच्या विक्रीच्या आडून आणि अन्य युक्त्यांनी व्याजखोरी अधिकच फोफावली, असे प्रस्तावनेतच नमूद केले. चोरून घेतलेल्या व्याजात धोक्याची किंमतही मिसळते आणि ती कर्जदारालाच भरावी लागते, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

हीच अडचण ज्यू परंपरेने फार पूर्वी ओळखली होती. 'अनुवाद' ग्रंथाच्या १५व्या अध्यायाप्रमाणे दर सातव्या वर्षी कर्जे माफ व्हावयाची. सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरिबाला हात आखडू नये, अशी ताकीदही तेथेच आहे. पण ताकिदीने तिजोरी उघडत नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात हिल्लेल या आचार्याने पाहिले, की माफीच्या भयाने लोक कर्ज देईनासे झाले आहेत. त्याने 'प्रोझबुल' नावाचा लेख प्रचारात आणला. त्यायोगे येणे न्यायसभेकडे सोपविले जाई आणि ते बुडत नसे. अक्षर पाहिले तर ही पळवाट होय. उद्देश पाहिला तर गरिबाला पुन्हा कर्ज मिळू लागले. १४६२ साली पेरुजा येथे फ्रान्सिस्कन साधूंच्या पुढाकाराने गरिबांसाठी गहाणपेढी निघाली. ती खर्चापुरते थोडे व्याज घेई. शब्दार्थवाद्यांनी तिलाही विरोध केला; १५१५च्या पाचव्या लॅटरन परिषदेत अशा पेढ्यांना मान्यता मिळाली.

यावरून 'शब्द सोडा, उद्देश धरा' असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. १५४५च्या सुमारास जॉन कॅल्विन यांनी एका पत्रात प्रतिपादन केले, की बायबलमध्ये सर्व प्रकारच्या व्याजाला सरसकट मनाई नाही. प्राचीन इस्राएलची परिस्थिती वेगळी होती. परंतु त्याबरोबर त्यांनी अटी घातल्या होत्या: गरजवंताकडून व्याज घेऊ नये, कर्जदारालाही त्या पैशातून निदान तेवढा लाभ व्हावा, व्यवहार समन्याय असावा. पुढच्या पिढ्यांनी परवानगी तेवढी लक्षात ठेवली आणि अटी विसरल्या. पेढीचा दृष्टान्त तर व्याजाचे समर्थन म्हणून कितीदा पुढे करण्यात आला! तो दृष्टान्त सोपविलेल्या जबाबदारीविषयी आहे. त्यावरून व्याजदर ठरविणे म्हणजे शब्दार्थाचा आग्रहच, फक्त सावकाराच्या सोयीचा. उद्देशाचे नाव घेऊन स्वार्थ साधणे हे अक्षराच्या आड लपण्याहून कठीण नाही, किंबहुना अधिक सोपे आहे.

म्हणूनच अक्षरालाही त्याचे स्थान आहे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्य मावळण्यापूर्वी ते परत करावे, असे 'निर्गम' ग्रंथ सांगतो. त्याने केवळ दया करायला सांगितले असते, तर सावकाराने आपल्या सवडीने दया केली असती. सूर्यास्त मात्र कोणाच्या सवडीने होत नाही. दुबळ्याच्या बाजूने घातलेली नेमकी मर्यादा ही अक्षरशःच पाळायची असते. व्याज मुदलापेक्षा अधिक होऊ न देणारा आपला दामदुपटीचा नियमही याच जातीचा.

तेव्हा विसंगती मोजत बसणारा टीकाकार आणि त्या बुजवत बसणारा भाविक यांचे एक गृहीत समान आहे: वचन एकटे उभे असते आणि त्याचा सगळा अर्थ त्याच्या शब्दांत असतो. 'अनुवाद'च्या त्याच १५व्या अध्यायात तुमच्यात कोणी दरिद्री उरणार नाही, असे एकदा म्हटले आहे आणि थोड्या ओळींनंतर देशातून दरिद्री कधीच नाहीसे होणार नाहीत, असेही म्हटले आहे. एक जण येथे चूक दाखवील, दुसरा ती नाकारील. पण पहिले वाक्य आज्ञापालनाच्या अटीवर बेतले आहे आणि दुसरे माणसाचा स्वभाव ओळखून हात मोकळा ठेवायला सांगते. दारिद्र्य निवारणावर आजवर जे लिहिले गेले ते सारे या दोन वाक्यांच्या मधल्या जागेतच घडले आहे.

१६ मे १९९८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे आठ बड्या राष्ट्रांचे नेते जमले असता सुमारे ७०,००० लोकांनी मानवी साखळी करून गरीब देशांची कर्जे माफ करण्याची मागणी केली. 'लेवीय' ग्रंथात सांगितलेल्या ५०व्या, मुक्तीच्या वर्षावरून त्या चळवळीने आपले नाव घेतले होते. शब्दशः पाहता तेथे काहीच जुळत नव्हते: देश म्हणजे भाऊबंद नव्हेत आणि २००० हे साल इस्राएलच्या गणनेतले नव्हे. तरीही १९९९ साली कर्जमाफीची व्याप्ती वाढविण्यात आली, त्यामागे या दडपणाचा वाटा होता.

धर्मग्रंथातील वचनाचा अर्थ सांगणारा कोणीही समोर आला, मग तो व्यासपीठावरचा प्रवचनकार असो की त्याचा खंडनकर्ता, त्याला प्रथम एवढेच विचारावे, की तुमचा अर्थ मान्य केला तर आज रात्री पांघरूण कोणाच्या अंगावर राहील?