होजिअरी कपड्यांचे सीमाशुल्क-वर्गीकरण

होजिअरी कपड्यांचे सीमाशुल्क-वर्गीकरण : सुयांवर टाके गुंफून तयार केलेले कपडे आयात होतात, तेव्हा त्यांना शुल्कसूचीतील योग्य क्रमांकाखाली बसविण्याची क्रिया. शुल्काचा दर मालाच्या व्यापारी नावावरून ठरत नाही. तो या क्रमांकावरून ठरतो. म्हणून शुल्क-आकारणीची ही पहिली पायरी होय.

ब्रुसेल्स येथील सीमाशुल्क सहकार्य परिषदेने (१९९४ पासून जागतिक सीमाशुल्क संघटना) तयार केलेली वस्तुवर्गीकरणाची सुसंवादी पद्धती १ जानेवारी १९८८ पासून अंमलात आली. तिच्या क्रमांकातील पहिले सहा अंक ती स्वीकारणाऱ्या सर्व देशांत समान असतात. पुढील अंक व शुल्काचे दर प्रत्येक देश स्वतः ठरवितो. भारताने ही पद्धती सीमाशुल्क दरसूची अधिनियम, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत १९८६ मध्ये स्वीकारली. २००३ पासून भारतीय सूची आठ अंकी आहे.

या पद्धतीत कापड व कपडे ५० ते ६३ या प्रकरणांत येतात. टाके गुंफून केलेले कपडे ६१ व्या प्रकरणात, तर मागावर ताणा व बाणा यांनी विणलेल्या कापडाचे कपडे ६२ व्या प्रकरणात मोडतात. यास काही अपवाद आहेत. उदा., काचोळी कोणत्याही कापडाची असली, तरी ६२१२ खाली येते. ६१ व्या प्रकरणात पुरुषांचे सदरे ६१०५, टी-शर्ट व बनियन ६१०९, स्वेटर व कार्डिगन ६११०, तर पायमोजे ६११५ खाली येतात.

निकष : क्रमांक ठरविताना शीर्षकाचा मजकूर व प्रकरणाच्या टिपा निर्णायक असतात. कमरेखाली खिसे असलेला, खालची कड आवळण्याची सोय असलेला किंवा दर सेंमी.ला सरासरी दहापेक्षा कमी टाके असलेला कपडा ६१०५ खाली सदरा ठरत नाही. टाके उभ्या व आडव्या अशा दोन्ही दिशांनी, किमान १० × १० सेंमी. क्षेत्रावर मोजतात. ८६ सेंमी.पर्यंत उंचीच्या बालकांचे कपडे ६१११ मध्ये जातात. समोरून उघडणाऱ्या कपड्याची डावी बाजू उजवीवर येत असल्यास तो पुरुषांचा व उलट असल्यास स्त्रियांचा मानतात. मात्र बेतावरून तो दुसऱ्याचा असल्याचे स्पष्ट दिसत असल्यास हा नियम लागू होत नाही. स्त्री-पुरुष भेद ओळखता न आल्यास तो स्त्रियांच्या कपड्यांत धरतात.

मिश्र तंतूंच्या कपड्यात ज्या तंतूचे वजन इतर कोणत्याही एका तंतूपेक्षा अधिक, त्याचाच तो संपूर्ण कपडा मानला जातो. वजने समान असल्यास विचारार्ह क्रमांकांपैकी शेवटचा क्रमांक लागू होतो.

परिणाम : या नियमाचे आर्थिक महत्त्व अमेरिकेच्या शुल्कसूचीवरून ध्यानात येते. तेथे सुती स्वेटरवर मूळ शुल्क साधारणतः १६.५ टक्के, तर कृत्रिम तंतूंच्या स्वेटरवर ३२ टक्के आहे (वेळोवेळी लादलेली अतिरिक्त शुल्के वेगळी). दहा डॉलर मूल्याच्या स्वेटरमध्ये ५२ टक्के कापूस व ४८ टक्के पॉलिएस्टर असल्यास मूळ शुल्क १.६५ डॉलर होते. हेच प्रमाण उलटे असल्यास ते ३.२० डॉलर होते. दिसावयास दोन्ही कपडे सारखेच असू शकतात. त्यामुळे पुष्कळदा सुताचे मिश्रण शुल्कसूची समोर ठेवूनच ठरविले जाते. माल तयार करण्यापूर्वी असा बेत आखणे कायदेशीर आहे. तयार मालाच्या कागदपत्रांत तंतूंचे प्रमाण खोटे दाखविणे हा मात्र अपराध होय.

भारतात २०११ पासून क्रमांक व शुल्क प्रथम आयातदारानेच नमूद करावयाचे असते. शंका आल्यास अधिकारी नमुना प्रयोगशाळेत पाठवितात. वर्गीकरण चुकीचे ठरल्यास फरकाची रक्कम व्याजासह भरावी लागते. माहिती खोटी असल्यास माल जप्त होऊन दंडही होऊ शकतो. अल्प नफ्यावर चालणाऱ्या लहान व्यापाऱ्यास अशी एक चूकही जड जाते. म्हणून माल मागविण्यापूर्वीच मुंबई किंवा दिल्ली येथील अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडून क्रमांक निश्चित करून घेण्याची तरतूद कायद्यात आहे.