जुळणारा दाता आपल्याच तालुक्यांत

निवृत्तीनंतर, १९८९ च्या सुमारास, डॉ. कमल रणदिवे आपल्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करत होत्या. हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या या बाईंनी त्याआधीची जवळपास चार दशकं परळला कर्करोगाच्या पेशींचा अभ्यास करण्यात घालवली होती. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. केली. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पेशी शरीराबाहेर जगवण्याचं आणि वाढवण्याचं तंत्र त्या शिकल्या आणि परत येऊन परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. रक्ताचा कर्करोग हाही त्यांच्या संशोधनाचा विषय होता. कर्करोगाचा एवढा अभ्यास असलेली संशोधक अकोल्याच्या मुलांचं खाणंपिणं आणि वाढ नोंदवत होती, हे मला फार मोलाचं वाटतं. रक्ताच्या आजाराची पहिली खूण गावातच दिसते आणि तिथंच ती निसटतेही.

निसटण्याचं कारण साधं आहे. आपल्याकडे रक्तक्षय इतका सर्रास आढळतो की पोर पांढरं पडलं, दमायला लागलं, की ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होतात. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण रक्ताच्या साध्या तपासणीच्या कागदावर हिमोग्लोबिनखेरीज आणखी दोन आकडे असतात, पांढऱ्या पेशींचा आणि प्लेटलेट्सचा. तिन्ही एकदम घसरले असतील, सोबत वारंवार ताप असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा अंगावर निळे-जांभळे डाग उठत असतील, तर नुसत्या गोळ्यांवर महिने काढणं धोक्याचं आहे. तिन्ही पेशी कमी होण्याचं आपल्याकडे नेहमी सापडणारं कारण ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हेच आहे आणि ते इंजेक्शनांनी बरं होतं. ते नसेल तर कमरेच्या हाडातून अस्थिमज्जेचा नमुना काढावा लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन अगदी वेगळी चित्रं दिसू शकतात. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, मज्जा कच्च्या पेशींनी गच्च भरलेली असते, एकाच छापाच्या, पेशीभर केंद्रक पसरलेल्या. अप्लास्टिक अॅनिमियात ती जवळजवळ रिकामी असते, पेशींच्या जागी चरबीचे पांढरे गोल.

ही मज्जा दररोज सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी तयार करते. तांबडी पेशी १२० दिवस टिकते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, काही पांढऱ्या पेशी तर दिवसभरही नाही. एवढा रतीब कोण घालतं, याचं उत्तर टोरोंटोत १९६१ मध्ये जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांना मिळालं. किरणोत्सर्ग देऊन मज्जा मारलेल्या उंदरांना त्यांनी दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली. दहाएक दिवसांनी पाहिलं तर उंदरांच्या प्लीहेवर गाठी उठल्या होत्या आणि पुढे सिद्ध झालं की प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली होती. रक्ताच्या मूळपेशी असतात याचा हा पहिला भक्कम पुरावा.

माणसांना दुसऱ्याची मज्जा देण्याचे प्रयोग त्याआधीच सुरू झाले होते. अमेरिकेत डॉ. ई. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये पहिले प्रयत्न प्रसिद्ध केले, पण पुढची अनेक वर्षं बहुतेक रुग्ण वाचले नाहीत. थॉमस यांनी काम सोडलं नाही आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्या सिएटलच्या केंद्रात शिकून आलेले डॉ. सुरेश अडवाणी यांनी २० मार्च १९८३ रोजी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. रुग्ण होती मायलॉइड ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी आणि मज्जा तिच्या भावाची. अडवाणी स्वतः आठव्या वर्षापासून पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत आहेत.

प्रत्यारोपण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ऑपरेशन थिएटर येतं, पण रुग्णाची कसलीही शस्त्रक्रिया होत नाही. आधी काही दिवस जहाल औषधं देऊन त्याची जुनी मज्जा नष्ट करतात. मग रक्त चढवतात तशी दात्याच्या मूळपेशी असलेल्या लालसर, दाटसर द्रवाची पिशवी शिरेतून चढवतात. पिशवी गोठवून ठेवलेली असेल तर गोठवणाच्या रसायनामुळे खोलीभर लसणासारखा वास सुटतो. रक्तात सोडलेल्या मूळपेशी स्वतःच हाडांतली आपली जागा शोधतात, कारण मज्जेतून त्यांना बोलावणारे रासायनिक संकेत सुटत असतात. नव्या पेशी रुजून पांढऱ्या पेशींचा आकडा वर यायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर रुग्णाला जंतूंपासून सांभाळणं हीच खरी लढाई. पुढे त्याचा रक्तगटही हळूहळू दात्याचा होतो आणि लहानपणीच्या लसी बहुधा पुन्हा घ्याव्या लागतात.

या उपचारातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे नव्या मज्जेतून तयार होणाऱ्या प्रतिकारपेशी. त्या रुग्णाच्या शरीरालाच परकं समजून त्वचा, आतडी आणि यकृतावर हल्ला करू शकतात. पण उरलेल्या कर्कपेशीही त्याच मारतात. हुबेहूब जुळ्या भावंडाची मज्जा दिली तर हा हल्ला होत नाही, मात्र ल्युकेमिया उलटण्याचं प्रमाण वाढतं. हे लक्षात आल्यावर डॉक्टरांचा विचारच बदलला. रोग बरा करण्यात नुसत्या औषधाचा हात नसतो, दात्याच्या पेशींचाही असतो.

म्हणूनच दाता कोण, हा कळीचा प्रश्न. इथे रक्तगट पाहत नाहीत, एचएलए पाहतात, म्हणजे सहाव्या गुणसूत्रावरच्या जनुकांनी ठरणाऱ्या पेशींवरच्या खुणा. आईकडून एक संच येतो, वडिलांकडून एक. त्यामुळे सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. भावंडं दोनच असतील तर बहुतेक कुटुंबांना बाहेर पाहावं लागतं. जगभरच्या नोंदवह्यांत आज चार कोटींहून अधिक दाते आहेत, पण त्यातले बहुसंख्य युरोप-अमेरिकेतले. भारतातले दाते काही लाखांत मोजण्याइतके. आणि एचएलएच्या खुणा वंशपरंपरेने येतात. आपल्याकडे लग्नं पिढ्यान् पिढ्या जातीत आणि ठरावीक घराण्यांत होत आली. भारतीयांच्या जनुकांच्या अभ्यासातून दिसतं की ही प्रथा सुमारे १,९०० वर्षांपासून घट्ट होत गेली. त्यामुळे खुणांच्या ठरावीक जोड्या त्या त्या समाजात साचून राहिल्या आहेत. शेवगावच्या मराठा किंवा वंजारी कुटुंबातल्या, अकोल्याच्या महादेव कोळी कुटुंबातल्या मुलाला जुळणारा अनोळखी दाता जर्मनीत सापडणं कठीण. तो सापडला तर इथेच, ज्यांच्याकडे सोयरिकी होतात त्या गावांत सापडेल. पण नोंदणीची शिबिरं भरतात ती मुख्यतः शहरांतल्या कॉलेजांत आणि कंपन्यांत.

पूर्ण जुळणारा दाता नसेल तरी आता सगळं संपत नाही. आई किंवा वडील नेहमी निम्मे जुळतातच. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड देऊन दात्याच्या खवळलेल्या प्रतिकारपेशी निवडून मारायच्या, ही जॉन्स हॉपकिन्समध्ये विकसित झालेली पद्धत आता भारतातही वापरली जाते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियासाठी तर २००१ मध्ये इमॅटिनिबची गोळी आली आणि ज्या रोगासाठी एकेकाळी प्रत्यारोपण हाच इलाज होता, तो बहुतेकांच्या बाबतीत गोळीवर आटोक्यात राहू लागला. खानोलकर-रणदिवे यांची संस्था पुढे टाटा मेमोरियल केंद्राचा भाग झाली आणि तिचं संशोधन खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये गेलं. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत बदलून परत देण्याच्या आयआयटी मुंबई आणि टाटाच्या उपचाराची चाचणी तिथेच २०२१ मध्ये सुरू झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा हा उपचार इथे त्याच्या लहानशा हिश्श्यात होतो. तरीही तो ठरावीक ल्युकेमिया आणि लिम्फोमापुरता आहे. रिकाम्या मज्जेला किंवा थॅलेसेमियाला त्याचा उपयोग नाही, तिथे दात्याच्या मूळपेशीच लागतात. थॅलेसेमिया आणि अप्लास्टिक अॅनिमियाच्या रुग्णांना कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून ठरलेल्या रुग्णालयांत प्रत्यारोपणासाठी १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, हे अजून पुष्कळ कुटुंबांना माहीतच नाही.

रक्तसंकलनात महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे. नेत्यांचे वाढदिवस, गणेशोत्सव, जयंत्या, आपल्या जिल्ह्यात शिबिरांना निमित्त कमी पडत नाही आणि तरुण रांगा लावून रक्त देतात. याच मांडवात एक टेबल जास्तीचं लावता येईल. अठरा ते पन्नास वयाच्या निरोगी माणसाने एक अर्ज भरायचा आणि गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून द्यायची, नोंदणी झाली. पुढे खरंच कुणाशी जुळलं, तर चार-पाच दिवस इंजेक्शन घेऊन मूळपेशी रक्तात उतरवतात. मग एका हातातून रक्त यंत्रात जातं, मूळपेशी वेगळ्या होतात आणि बाकी रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. तीन ते पाच तास लागतात. अंग दुखतं, डोकं दुखतं, काही दिवसांत जातं. दात्याच्या मूळपेशी काही आठवड्यांत भरून येतात.

खरी अडचण नंतर येते. काही वर्षांनी फोन येतो तेव्हा नंबर बदललेला असतो, दाता ऊसतोडीला गेलेला असतो, किंवा घरचे घाबरून नाही म्हणतात. रुग्णाची जुनी मज्जा औषधांनी मारून झाल्यावर दाता फिरला, तर रुग्णाचा जीव जाऊ शकतो. म्हणून शिबिरात काडी फिरवण्याआधी तरुणाच्या आईबापांना किंवा बायकोला सोबत बसवून सगळं समजावून सांगावं आणि गावातच राहणाऱ्या एका नातेवाइकाचा दुसरा नंबर अर्जावर आवर्जून लिहून घ्यावा.