बालमृत्यूंचीही नोंद हवी

लकडगंजांतील वखारींतून सागवानाचा ओंडका बाहेर पडावयाचा तर त्याची लांबी, गोलाई व घनफूट यांचा हिशेब आधीं वहींत चढतो. हीच दक्षता घरांत दगावलेल्या तान्ह्या बालकाच्या वांट्यास येते काय, असें आम्ही या पेठेंतील सुज्ञ गृहस्थांस विचारूं इच्छितों.

'देवानें दिलें, देवानें नेलें' असें म्हणून आपण स्वस्थ बसतों. परंतु ज्या गडचिरोलीच्या सागवानाची महती या पेठेस ठाऊक आहे, त्याच जिल्ह्यानें याविषयीं निराळा धडा घालून दिला आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं तेथें 'सर्च' ही संस्था काढली व बालमृत्यूंची घरोघर मोजदाद केली. १९८८ सालीं दर हजार जन्मांमागें १२१ बालकें वर्षाच्या आंत मरत असल्याचें आढळलें. न्यूमोनिया, जंतुसंसर्ग, जन्मतांच श्वास कोंडणें, अपुऱ्या दिवसांचा जन्म, हीं कारणें हातीं आलीं, तेव्हां उपायही सुचला. खेड्यांतील स्त्रियांस शिकवून अर्भकांची घरींच शुश्रूषा सुरू झाली. ३९ गांवांतील या प्रयोगाचा वृत्तान्त १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. तिसऱ्या वर्षीं तेथील नवजात मृत्यूंचें प्रमाण, तुलनेच्या गांवांच्या मानानें, ६२ टक्क्यांनीं उतरलें होतें. पुढें २०११ सालीं सरकारनें हीच पद्धति 'आशा' सेविकांमार्फत देशभर स्वीकारली.

आतां आपलें कर्तव्य पाहूं. १९६९ च्या कायद्यान्वयें जन्म व मृत्यु यांची नोंद बंधनकारक असून त्यास २१ दिवसांची मुदत आहे. क्षणभरच जगलेल्या बालकाचेही जन्म व मृत्यु दोन्ही नोंदवावे लागतात. बारसें झालेलें नसलें तरी अडत नाहीं. मृत्यु घरीं झाल्यास ही जबाबदारी कुटुंबप्रमुखाची आहे. पण नुसती नोंद पुरेशी नाहीं. २०२० सालीं देशांत नोंदलेल्या मृत्यूंपैकीं शेंकडा २३ हूनही कमी मृत्यूंस वैद्यकीय कारणाचा दाखला होता. 'हृदयक्रिया बंद पडली' हें कारण नव्हे, ती मरणाची रीत झाली. हृदय कशानें थांबलें, हें डॉक्टरांनीं लिहिलें पाहिजे व आपण तें विचारलें पाहिजे.

महापालिकेनेंही लकडगंज झोनमधील बालमृत्यूंचे आंकडे कारणांसह, मोहल्लावार, दरमहा लोकांपुढें मांडावे. कोणत्या गल्लींत बालकें कशानें दगावतात हें कळेल, तरच औषध, स्वच्छ पाणी वा सेविका तेथें वेळेवर पोहोंचेल. हिशेबाची संवय असलेल्या या पेठेनें या कामीं पुढाकार घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.