कायद्याच्या किताबाची शरह पाहून घ्या

उधारीवर माल दिला, पार्टीने चेक दिला आणि बँकेने तो पैशाअभावी परत पाठवला, हा अनुभव कापडाच्या धंद्यात कोणाला नाही? २००४ साली माझाही असाच एक चेक परत आला. दुकानात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे जुने पुस्तक पडून होते. त्यात कलम १३८ खाली नोटिशीची मुदत १५ दिवस छापलेली. माझे १८ दिवस होऊन गेले होते, म्हणून गप्प बसलो. वास्तविक ६ फेब्रुवारी २००३ पासून ही मुदत ३० दिवसांची झाली होती. वकीलसाहेबांकडे गेलो तोवर तेही दिवस संपले होते आणि त्या वेळची चेकची सहा महिन्यांची मुदतही. फौजदारीचा रस्ता बंद झाला.

कायद्याची पुस्तके दोन प्रकारची मिळतात. एकात नुसती कलमे. वकील त्याला बेअर अ‍ॅक्ट म्हणतात. दुसऱ्यात प्रत्येक कलमाखाली दुरुस्त्या आणि कोर्टांच्या निकालांच्या टीपा असतात. आपल्या दीनी किताबांत मतन आणि त्याची शरह असते ना, तसेच समजा.

व्यापारी बांधवांनी कलम उघडताच आधी तळटीप पाहावी. १३८ खाली २००२ च्या ५५ व्या अधिनियमाचा उल्लेख नसेल तर ते पुस्तक रद्दीत गेलेले बरे. मग निकाल. ‘एआयआर १९९९ एससी ३७६२’ असे लिहिलेले पाहून घाबरू नये. नागपूरहून निघणारा ऑल इंडिया रिपोर्टर, साल १९९९, सुप्रीम कोर्ट, पान ३७६२, एवढाच त्याचा अर्थ.

हाच निकाल घ्या. फिर्याद कोणत्या गावी करायची, यात त्याने चेक घेणाऱ्याला बरीच मोकळीक दिली. २०१४ साली दशरथ रूपसिंग राठोड खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती काढून घेतली. चेक देणाऱ्याची बँक जिथे, तिथेच फिर्याद. म्हणजे भिवंडीच्या व्यापाऱ्याने हैदराबादला खेटे घालायचे! २०१५ साली संसदेने कलम १४२ दुरुस्त केले. आता आपण चेक आपल्या खात्यात भरला असेल, तर आपले खाते ज्या शाखेत आहे तिथले कोर्ट चालते. २०१४ अखेर छापलेले पुस्तक दिसायला कितीही नवे असो, ते आपल्याला परगावी पाठवील.

आणखी एक गोष्ट. टीप ही संपादकाची असते, कोर्टाची नव्हे. चार ओळींत निकालाची हकीकत येत नाही. म्हणून त्या पानाची झेरॉक्स काढून वकीलसाहेबांना दाखवावी, पूर्ण निकाल मागून घ्यावा आणि तो पुढे कोणी फिरवला आहे का, हे विचारावे. मात्र हे सारे बँकेचा मेमो हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत. फिर्यादीला उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून कोर्टाकडून माफी मिळू शकते, नोटिशीला ती सवलत नाही.