मोटरचा पॉट आणि जाडं मीठ
लाकडी बादली, आत धातूचा डबा, वर हँडलऐवजी मोटर. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटचं पेटंट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ मध्ये घेतलं. तत्त्व आजही तेच. डब्याभोवतीचा नुसता वितळता बर्फ शून्य अंशावरच थांबतो आणि साखरेचं दूध तेवढ्यावर गोठत नाही. जाडं मीठ पडलं की पारा उणे १० च्या आसपास उतरतो. पाच वाट्या बर्फाला एक वाटी मीठ घ्या. आटवलेल्या दुधात आमरस (माझ्या मते पायरीचाच!) मिसळून आधी फ्रिजमध्ये गार करा. डबा दोन तृतीयांशच भरा, कारण घुसळताना हवा शिरून मिश्रण फुगतं. मोटर जड चालू लागली की लगेच बंद करा, नाहीतर जळते. आणि झाकण उघडण्याआधी कडेचं खारं पाणी पुसा.