बॅटरीचा आकडा आणि आपली ओळख

मोबाईलची बॅटरी किती टक्के भरलेली आहे हे कोणाला कळले तर आपले काय बिघडेल? काहीच नाही, असे आपण म्हणू. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेलाही २०१२ साली तसेच वाटले. कॅमेरा वापरण्यापूर्वी ब्राउझर आपली परवानगी विचारतो. बॅटरीची स्थिती मात्र न विचारता कळवावी असे ठरले. हेतू चांगला होता. बॅटरी संपत आल्याचे समजले, तर ब्राउझरमध्ये चालणारे ॲप अर्धवट भरलेला अर्ज वेळीच साठवून ठेवू शकेल.

मग अडचण कोठे आली? ब्राउझर दोन आकडे देत असे: बॅटरी किती टक्के भरलेली आहे आणि ती संपायला किती सेकंद उरले आहेत. समजा, एका प्रशिक्षण वर्गात ४० शिक्षकांनी आपापल्या फोनवरचे टक्के चिठ्ठीवर लिहिले. निदान दोघांचा आकडा सारखा निघणे जवळजवळ निश्चित आहे, कारण आकडे फक्त शंभर. पण पाच तासांचे १८,००० सेकंद होतात. म्हणजे दोन्ही आकड्यांच्या जोड्या १८ लाखांपर्यंत जातात. प्रत्यक्षात त्या सगळ्या येत नाहीत. तरीही त्या क्षणी तुमची जोडी दुसऱ्या कोणाची असण्याचा संभव फारच थोडा. तुम्ही कुकी पुसून लगेच त्या संकेतस्थळावर परत आलात, तरी जोडी तीच दिसते आणि पाळत ठेवणाऱ्याला तुम्ही ओळखू येता.

लुकाश ओलेइनिक आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली हे दाखवून दिले. त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. लिनक्सवरील फायरफॉक्स बॅटरीचे प्रमाण पुष्कळ दशांश स्थळांपर्यंत देत असे. याने काय होते? एखाद्या मुलाला ७१.४२८५७१ टक्के गुण मिळाले असे सांगितले, तर चतुर विद्यार्थी ओळखेल की हा ५/७ चा अपूर्णांक आहे; म्हणजे एकूण गुण ७ च्या पटीत असणार. नुसते ७१ टक्के सांगितले असते, तर हे कळले नसते. तसेच अशा लांबलचक प्रमाणांवरून बॅटरीची नेमकी क्षमता काढता येत होती. क्षमता लवकर बदलत नाही, म्हणून ही खूण जास्त टिकते. फायरफॉक्सने त्याच वर्षी आकडा पूर्णांकित करून हा दोष दूर केला.

पुढे २०१६ साली प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दहा लाख संकेतस्थळे तपासली. वापरणाऱ्याची ओळख पटवण्यासाठी बॅटरीचे आकडे वाचणारे प्रोग्रॅम त्यांना खरोखरच सापडले. २०१७ साली फायरफॉक्सने संकेतस्थळांना ही माहिती देणेच बंद केले. त्याबरोबर अर्ज वाचवण्याची सोयही गेली. क्रोमने ती माहिती देणे चालू ठेवले.

खरे तर ॲपला ‘बॅटरी पुरेशी’ किंवा ‘संपत आली’ एवढेच कळले तरी भागते. तेव्हा फोनमधील कोणतीही माहिती ॲपला देताना, द्यावी की नाही याबरोबरच ती किती बारकाईने द्यावी हेही विचारायला हवे. वरील चिठ्ठ्यांचा प्रयोग वर्गात करून पाहावा. आधी टक्के, मग ‘पुरेशी’ किंवा ‘कमी’ एवढेच लिहावे, आणि कोण ओळखू येतो ते मुलांनाच ठरवू द्यावे.